एका झटक्यात

जय भीम.

आदरणीय भन्ते, वलगावची सगळी माणसं, अमरावतीहून आलेले पाव्हणे, मावशीच्या महिला मंडळाच्या बाया, आणि मागं दाराशी उभे असलेले तुम्ही सगळे. पुढं या. सतरंजीवर जागा आहे. मावशी असती तर तिनं तुम्हाला असं दारात उभं राहू दिलं नसतं, हाताला धरून आणून बसवलं असतं आणि वरून दोन शब्द ऐकवले असते.

मी वैशाली. शकूमावशीची भाची. अकोल्याला शाळेत शिकवते. पोरांसमोर रोज बोलायची सवय आहे मला, तरी आता माईक हातात आला आणि मनात जुळवलेलं सगळं विसरले. काय बोलू? मला अजून पटलेलंच नाही. गेल्या पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, त्या दिवशी मावशी याच विहारात उभी होती. मी आता जिथं उभी आहे ना, तिथंच. पांढरी साडी, हातात मेणबत्ती, तोच खणखणीत आवाज. आणि आज मी तिच्या फोटोला हार घालून आले. मधल्या काळात ती आजारी नव्हती. तिला कुठला मोठा रोग नव्हता. मग हे झालं कसं?

शोकसभेत गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात. तेही मी सांगते. पण त्याच्या आधी एक गोष्ट बोलायची आहे, कारण तिच्यापायी अजून कुणाचा तरी जीव जाईल अशी मला भीती वाटते.

वस्तीत एकच वाक्य फिरतं आहे. शकूताई झोपेच्या गोळ्यांनी गेली. मी आले तेव्हापासून हेच ऐकते आहे. आणि हे ऐकून लोकांनी आपापल्या घरातल्या झोपेच्या गोळ्या नालीत टाकल्या. चांगलं केलं असं तुम्हाला वाटतं. नाही हो. हे वाक्य अर्धंच खरं आहे. गोळ्यांनी तिचं नुकसान केलं, खूप केलं, कितीतरी वर्षं केलं. पण जीव गेला तो गोळी घेताना नाही. गोळी एकाएकी सोडली, तेव्हा गेला.

पुन्हा सांगते. गोळी एकाएकी सोडली, तेव्हा गेला.

शकूमावशी या गावची अंगणवाडी सेविका. इथं बसलेल्या निम्म्या लोकांनी तिच्या हातची खिचडी खाल्ली आहे. म्हणून ती कुणालाही साहेब म्हणायची नाही. तुमच्यातला एक जण मोठा अधिकारी झाला, गाडी घेऊन गावात आला, तर ही त्याला सगळ्यांसमोर म्हणाली, तू लहानपणी खिचडीतले वाटाणे काढून टाकत होता, आता खातो का? हसू नका. हसा, हसा. तिला चाललं असतं.

आणि दारू. दारूचं नाव काढलं की मावशीच्या अंगात यायचं. हातभट्टीवर बायांचा मोर्चा नेला तो तिनं. पिऊन पडलेल्या माणसाला उठवून घरी पोचवायची आणि सकाळी शुद्धीवर आला की त्याच्या दारात जाऊन त्याला झाडायची, तेही तीच. किती जणांना तिनं इथं आणलं, प्रतिमेसमोर उभं केलं आणि सोडायला लावलं. तिची पद्धत एकच. आज, आत्ता, सगळ्यांसमोर, एका झटक्यात. थोडी थोडी कमी करतो म्हणणाऱ्यावर तिचा विश्वास नव्हता. ती म्हणायची, थोडीथोडीवाला उद्या पुन्हा भट्टीवर दिसते.

ही तिची पद्धत लक्षात ठेवा. त्याच पद्धतीनं ती गेली.

मावशीचे मालक, आमचे काकाजी, वारले, तेव्हा मावशीची झोप उडाली. बिछान्यावर नुसती बसून राहायची. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. थोड्याच दिवसांसाठी होती ती, तसं त्यांनी सांगितलंही होतं. पण गोळीनं झोप लागली. आणि ज्या गोष्टीनं झोप लागते ती बंद कोण करतं? चिठ्ठी जुनी झाली, मळली, तिच्यावरचं अक्षर वाचता येईना, तरी गोळी मिळत राहिली. मावशीला कोण नाही म्हणणार? दुकानातल्या मुलानंही तिच्या हातची खिचडी खाल्लेली.

मग एका गोळीनं झोप येईना. मग दीड. मग दोन. मग दुपारीही एक, कारण दुपारी जीव घाबरा होतो म्हणून. आम्ही विचारलं की ती फटकारायची. एकदा मी जरा जोरात बोलले, तर म्हणाली, "काहून व? मी का दारू पिऊन राहिली? डाक्टरनं देली हाये."

झालं. पुढं बोलायची सोयच नाही. डॉक्टरनं दिली म्हणजे औषध, आणि औषध म्हणजे चांगलं. तिचं हेच गणित, आणि खरं बोला, तुमचंही हेच आहे.

हळूहळू मावशी बदलली. सकाळी बोलताना जीभ जड यायची. नावं विसरायची. जिला प्रत्येक पोराचं आणि त्याच्या आजीचंही नाव पाठ, ती मला समोर बसवून म्हणाली, तू बेबीची मोठी का लहान? बेबी म्हणजे माझी आई, आणि मी तिची एकटीच मुलगी आहे हो. गॅसवर दूध ठेवून झोपून जायची. न्हाणीत पडली, मनगट मोडलं. आम्ही म्हणालो, वय झालं. सुनेनं, सुजातानं, एकदा म्हटलं होतं की आईंचं हे गोळीमुळं होत असेल. तिचं कुणी ऐकलं नाही. उलट, सासूवर लक्ष ठेवते म्हणून नावं ठेवली तिला. सुजाता, तू बरोबर होतीस. सगळ्यांसमोर सांगते, तू बरोबर होतीस.

आणि मावशी एकटी घेऊन थांबली असती तर ती मावशी कसली? तिला जे चांगलं वाटलं ते तिनं वाटलं. कुणाला झोप नाही, अर्धी घे. कुणाची मुलगी सासरी गेली, अर्धी घे. माझी आई तिची धाकटी बहीण. इथं पुढं बसली आहे, निळ्या साडीत. आईला पाळी जाताना झोप येईना, तर अकोल्याला डाळीच्या पिशवीत घालून मावशीनं तिच्यासाठी गोळ्या पाठवल्या. प्रेमानं पाठवल्या. आपल्याकडं लोणचं पाठवतात, वड्या पाठवतात, तशा गोळ्या पाठवल्या. तेव्हापासून आई घेते आहे. आज किती वर्षं झाली, तिलाच सांगता येत नाही.

मग आली पौर्णिमा.

भन्तेंनी शीलांवर प्रवचन दिलं. पाचवं शील आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. नशा करायची नाही. भन्तेंनी त्याचा अर्थ समजावला, की नशा म्हणजे फक्त बाटली नाही. ज्यानं माणसाचं भान हरपतं ते सगळं त्यात येतं. मी मावशीच्या शेजारीच बसले होते. ती एकदम ताठ झाली. तिच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं जे आधी कधी पाहिलं नव्हतं. लाज. शकूमावशीला लाज वाटलेली मी पहिल्यांदा पाहिली. आयुष्यभर दारूवाल्यांना झाडणाऱ्या बाईला त्या मिनिटाला वाटलं, अरे, मीही त्यांच्यातलीच.

आणि ती उठली. कुणी तिला उठ म्हटलं नाही. उठली, पुढं आली आणि म्हणाली, "दुसऱ्याले सोडाले लावलं, अन् सोता गोयी काहून खावं? आजपासून बंद. सोडली म्हणजे सोडली."

आपण सगळ्यांनी साधु, साधु, साधु म्हटलं. बाया रडल्या. माझ्याही अंगावर काटा आला. किती मोठी गोष्ट वाटली ती. आणि होतीच मोठी. त्या वयात, सगळ्यांसमोर, स्वतःची चूक कबूल करायला छाती लागते. आपल्यापैकी कुणाला ठाऊक होतं की ही बाई आत्ता आपल्या मरणाकडं निघाली आहे? तिला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, भन्तेंना नव्हतं. या एवढ्या मोठ्या सभेत एकाही माणसाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिची झोप पूर्ण उडाली. घाम सुटायला लागला. ताट पडलं तरी दचकायची. हातातला चहाचा कप वाजायचा. मी अकोल्याहून फोन केला तर आवाजही कापत होता, पण त्यात केवढी खुशी. म्हणाली, "हात कापते व पोरी. अंगातली नशा निघून राहिली. निघू दे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. निघू दे.

कारण तिनं हे पाहिलं होतं ना. दारू सोडणाऱ्याचे हात कापतात, घाम येतो, हे तिनं घराघरात पाहिलेलं. तिथं ती बसून राहायची, डोक्यावर ओला कपडा ठेवायची, दम धर म्हणायची. कुणी निभावले, आणि जे निभावले नाहीत त्यांना दारूनं खाल्लं असं आपण म्हणालो. तेच तिनं स्वतःला लावलं. आणि शेजारच्या बायांनी तेच तिला सांगितलं. शकूताई, दम धरा. किती मायेनं सांगितलं. कुणी वाईट चिंतलं नाही हो. अंग ओरडून सांगत होतं की मला दवाखान्यात न्या, आणि आपण त्याला परीक्षा समजलो.

मग भ्रम झाला. भरदुपारी रिकाम्या अंगणात ताटल्या मांडायला लागली. सुजातानं विचारलं, आई, काय करता? तर म्हणाली, पोरं आली, त्यांना रांगेत बसव. अंगण रिकामं होतं. ती एकेका पोराचं नाव घेत होती, आणि गंमत बघा, त्या दिवशी एकही नाव ती विसरली नाही. तिथंच तिला झटका आला. ताटल्यांवर पडली.

मुलगा, संदीप, तिला घेऊन अमरावतीला धावला. दवाखान्यात विचारलं, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? संदीपनं सांगितलं, फक्त बीपीची. तो खोटं बोलला का? नाही. लपवलं का? नाही. झोपेची गोळी तर बंद होती. चालू असलेली गोळी तेवढी एकच. सोबत गेलेल्या बायांनी वरून सांगितलं, डॉक्टर, आमच्या ताईला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. अभिमानानं सांगितलं. डॉक्टर डोक्याचे फोटो काढत राहिले, साखर तपासत राहिले, झटके थांबवायची औषधं देत राहिले. कारण शोधत होते, आणि कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. फक्त ते कारण आहे हे माहीत नव्हतं. झटक्यांवर झटके येत गेले आणि संध्याकाळी मावशी गेली.

नंतर संदीपला घरात चिंचोक्यांच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली. तो ती घेऊन त्याच डॉक्टरांकडं गेला. मी सोबत होते. डॉक्टरांनी पाकीट पाहिलं, रोज किती घेत होती ते विचारलं, आणि बंद कधी केली ते विचारलं. आम्ही सांगितलं. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. मग म्हणाले की झटके त्यामुळंच आले असावेत. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की मेंदूला तिची सवय होते. मेंदू तिच्या भरवशावर राहायला लागतो. ती एकदम काढून घेतली तर त्याचा ताबा सुटतो. चिखलदऱ्याच्या घाटातून गाडी उतरते आहे आणि तुम्ही ब्रेकच काढून फेकला, असं त्यांनी आम्हाला समजावलं. ही गोळी सोडता येते, सोडायलाच पाहिजे, पण डॉक्टरच्या देखरेखीत, इतकी इतकीशी कमी करत, कधी कधी कितीतरी महिने लावून. दारूचंही तसंच आहे म्हणाले. खूप पिणाऱ्यानं एका दिवसात घरीच सोडली तर त्याचाही जीव जाऊ शकतो.

थोडी थोडी. मावशीला ज्या शब्दाचा राग यायचा, तोच तिला वाचवणारा होता.

आपण म्हणतो ना, एका झटक्यात सोडली. कौतुकानं म्हणतो. मला आता तो शब्द ऐकवत नाही.

आणि एक सांगते. त्या डब्यातलं एकही पाकीट फोडलेलं नव्हतं. हात कापत असताना, झोप नसताना, डोळ्यांपुढं नसलेली माणसं दिसत असताना गोळी तिच्या हाताशी होती आणि तिनं घेतली नाही. शब्द दिला होता तिनं. शब्द पाळून मेली आमची मावशी. याला काय म्हणायचं? मला रागही येतो आणि तिच्या पायावर डोकंही ठेवावंसं वाटतं.

कुणी असं समजू नका की मी शीलाला दोष देते आहे. सकाळी मी भन्तेंशी बोलले. ते स्वतः हादरले आहेत. त्यांनी मला सांगितलं की वैद्यानं दिलेलं औषध वैद्याच्या सांगण्यानुसार घेणं म्हणजे शील मोडणं नाही, आणि शील म्हणजे आपल्या शरीराशी वैर नाही. मावशीनं विचारलं असतं तर त्यांनी तिला हेच सांगितलं असतं. पण मावशी कुणाला विचारायची का? ती सगळ्यांना सांगायची. विचारायचं तिला माहीतच नव्हतं.

म्हणून तुम्ही विचारा. ज्यांच्या घरी ही गोळी आहे त्यांनी ती वाढवू नका, वाटू नका, चिठ्ठीवाचून आणू नका, दारूसोबत तर अजिबात घेऊ नका. आणि ज्यांनी एवढ्यात नालीत टाकली त्यांनी आजच दवाखाना गाठा. लाजू नका. डॉक्टरनं चालू काय आहे असं विचारलं, तर बंद काय केलं तेही सांगा.

आता शेवटचं. हे मला सगळ्यांत जड जातं आहे.

आईनं, माझ्या आईनं, परवापासून गोळी सोडली आहे. बहिणीला पोचवून आली आणि शपथ घेतली. आज सकाळी मला म्हणाली, हात कापते. तेच शब्द. मावशीचेच शब्द. मी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले ताबडतोब आणा. आई हलायला तयार नाही. शकूसाठी दोन मिनिटं उभं राहून मौन होऊ दे, मग बघू म्हणते. आणि गोळीचं म्हटलं तर म्हणते, शकूनं शब्द पाळला, मी कशी मोडू? मी सकाळपासून हात जोडले, रडले, भांडले. एकट्या पोरीचं ती ऐकत नाही. म्हणून हे सगळं मी तुमच्यासमोर बोलले. मावशीचे गुण तुम्ही मला शिकवाल इतके तुम्हाला ठाऊक आहेत. मी बोलले ते आईसाठी.

आई, इकडं पाह्य माह्याकडं. मावशीनं तुले गोयी पाठवली ती तुले झोप लागावी म्हणून. तू मरावं म्हणून नाही. तिचा शब्द तिच्यासंगं गेला. तो तुह्यावर नाही. गोयी सुटंन, आपण सोडवू, पण डाक्टर सांगंन तशी. मले दुसऱ्यांदा इथं उभं नको करू. सगळ्यांसमोर एकदा हाव म्हण.

...

म्हणाली. मी ऐकलं, तुम्हीही ऐकलं. संदीप, गाडी दाराशी लाव.

आता शकूमावशीसाठी आपण सगळे उभे राहू आणि दोन मिनिटं शांत राहू.

आई, तू नको उठू. तू बसून राय. तुह्या वाटचं आमी उभे राहतो.